कागद उघडण्याआधी



आमच्या मंडळाच्या कार्यालयात एक संगणक आहे. वस्तीतल्या मुलामुलींचे जातीचे दाखले, जातवैधता प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, विहाराचा जमाखर्च, सारे त्यातच. पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम अद्ययावत करा, अशी सूचना पडद्यावर रोज यायची आणि आम्ही रोज 'नंतर'चे बटण दाबायचो. कामाची घाई! हा आळस किती महागात पडतो, हे धरमशाळेच्या तिबेटी बौद्ध बांधवांच्या अनुभवावरून आम्हाला कळले.

आपला पत्रव्यवहार कुणीतरी वाचतो आहे, असा संशय दलाई लामांच्या कार्यालयाला आला. २००८ साली संशोधकांनी तिथले संगणक तपासले. मार्च २००९ मध्ये अहवाल निघाला. १०३ देशांतले किमान १,२९५ संगणक या हेरगिरीच्या जाळ्यात सापडले होते. त्याला 'घोस्टनेट' असे नाव पडले. हेर आत शिरले कसे? ई-मेलला जोडलेल्या साध्या वर्ड फाईलमधून. पत्र चळवळीतल्याच माणसाचे वाटावे, असे लिहिलेले. फाईल उघडली की मजकूर नीट दिसायचा, पण मागच्या दाराने हेर घरात शिरलेला असायचा. त्यातली एक फाईल ३४ व्हायरसविरोधी प्रोग्रॅमनी तपासली, तेव्हा फक्त ११ प्रोग्रॅमना ती ओळखता आली.

नुसती फाईल उघडल्याने असे कसे होते? एखादा कारकून आवकेचे पत्र वाचता वाचता त्या पत्राचाच हुकूम पाळू लागला तर? तसेच हे. फाईलमध्ये अक्षरे, चित्रे, कधी छोट्या आज्ञाही असतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली असेल, तर मुद्दाम वाकडी बनवलेली फाईल त्या चुकीतून संगणकाला आपले हुकूम पाळायला लावते. फेब्रुवारी २००९ मध्ये अ‍ॅडोबी रीडरमधली अशीच एक चूक उघड झाली. कंपनीची दुरुस्ती मार्चमध्ये आली, पण चोरांनी तोवर तिचा वापर सुरू केला होता. अद्ययावत करणे म्हणजे ही दुरुस्ती आपल्या संगणकात बसवणे. 'नंतर' म्हणणे म्हणजे तुटकी कडी तशीच ठेवणे.

म्हणून एवढे करावे. विंडोज, वर्ड आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम यांच्या दुरुस्त्या आल्या की लगेच घ्याव्यात. प्रोग्रॅम कंपनीकडूनच घ्यावा, कुणाच्या पेनड्राइव्हवरून नको. रीडरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद ठेवावी, साध्या वाचनाला तिची गरज नसते. बाहेरून आलेली वर्ड फाईल आधी फक्त वाचण्यापुरती उघडते, तिथे 'एनेबल एडिटिंग' सहसा दाबू नये. न मागता फाईल आली तर, पाठवणारा ओळखीचा असला तरी, फोन करून विचारावे. आणि महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी.

पुढे तिबेटी कार्यकर्त्यांनी आपल्या लोकांत एक मोहीम चालवली : अटॅचमेंट सोडा! इंग्रजीत अटॅचमेंट म्हणजे जोडलेली फाईल, आणि आसक्तीसुद्धा. धम्माची शिकवण त्यांनी थेट संगणकाच्या कामाला लावली.

आपल्या आईवडिलांनी एकेका दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या किती खेपा घातल्या, किती दिवसांची मजुरी बुडवली, हे घराघरांत ठाऊक आहे. ते कागद लोकांनी विश्वासाने आमच्या हाती दिले. ते आमच्या आळसामुळे चोराच्या हाती गेले, तर आम्ही कोणत्या तोंडाने उत्तर देणार? भगवान बुद्धांनी अप्रमाद, म्हणजे अखंड सावधपणा, शिकवला. आम्ही त्याच दिवशी सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. आपल्या मंडळाचा, आपल्या घरचा संगणक या रविवारी वंदनेनंतर तपासून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना हाताशी घ्या, आणि शेजाऱ्यालाही सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!