गुणांकाचें खरें माप

संगणकावर बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाचा गुणांक १० मिनिटांच्या डावांत १५०० व ३ मिनिटांच्या डावांत १२०० दिसला, कीं पालक चिंतातुर होतात. ही चिंता अस्थानीं होय. आर्पाद एलो यांची जी पद्धति फिडे या जागतिक संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली, तींत गुणांक हें बुद्धीचें माप नसून प्रतिस्पर्ध्यांमधील स्थान होय. २०० गुणांची आघाडी असणाऱ्यास १०० डावांत सुमारें ७५ गुण अपेक्षित. परंतु एकाच गटांत. शेरानें कापड मोजीत नाहींत! म्हणूनच फिडे २०१२ पासून जलद व अतिजलद डावांचे गुणांक निराळे ठेविते. संकेतस्थळेंही तसेंच करितात. विद्यार्थिमित्रहो, तुलना त्याच प्रकारांतील आपल्या मागील गुणांकाशीं करा, आणि हरलेला डाव सावकाश पुन्हा मांडून पाहा. समज आधीं येऊं द्या. आंकडा मागाहून येईल.