सुई कोणासाठी?

“ग्रोथ हॉर्मोनचे इंजेक्शन सुरक्षितपणे कसे घ्यावे हो?” हा प्रश्न हल्ली माझ्या कानांवर वरचेवर येतो, आणि विचारणारा बहुधा ठणठणीत असतो. कोणी दंडाची बेटकुळी आणखी फुगावी म्हणून उतावीळ झालेला तालीमबाज, कोणी मुलाच्या उंचीपायी झोप उडालेला बाप. कोठे टोचावे, किती टोचावे, एवढेच त्यांना हवे असते. कोणाला आणि कशासाठी, हे कोणी पुसत नाही. माझे भांडण आहे ते इथे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. वाढीचे हे द्रव्य तीच पाझरवते, त्यातही विशेषतः झोपेत. जिथे ती कमी पडते तिथे ते बाहेरून द्यावे लागते, रोज, वर्षानुवर्षे. टर्नर सिंड्रोमसारख्या आणखी काही विकारांतही ते देतात. अर्जेंटिनाचा लिओनेल मेस्सी लहानपणी याच उपचाराने वाढला. अशा मुलांच्या सुईविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. उलट तीच मुले डॉक्टरांकडे उशिरा पोचतात. “आमच्या घराण्यात सगळे उशिराच वाढतात,” अशी आजी समजूत घालते, आणि तिकडे हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्ट्या बुजत जातात. त्या एकदा बुजल्या, की कितीही टोचा, बोटभरही उंची वाढायची नाही. पंचविशीतल्या पहिलवानाने हे ध्यानात घ्यावे.

त्याच्या वाट्याला येते ते निराळेच. रक्तातली साखर चढते, सांधे दुखतात, अंगावर सूज येते, बोटांना मुंग्या येतात. अतिरेक वर्षानुवर्षे चालला तर जबडा, नाक, हातपाय जाड होत जातात. हृदयही सुटत नाही. शिवाय तालमीच्या कोपऱ्यात हातोहात मिळणाऱ्या कुपीत काय भरले आहे, हे देवच जाणे! १९८५ पर्यंत हे औषध मृतांच्या ग्रंथींतून काढीत. त्यातून मेंदू पोखरणारा क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग पसरला, आणि एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून अधिक जण दगावले. आज ते जिवाणूंकरवी बनवतात, म्हणून तो धोका टळला. पण तेव्हाची बाटली डॉक्टरांच्या हातची होती. ही कोणाच्या हातची?

बापाचे प्रकरण नाजूक आहे. अमेरिकेत २००३ पासून, कारण सापडत नाही अशा अतिशय बुटक्या मुलांनाही हे देण्यास परवानगी आहे. पण वर्षानुवर्षे रोज टोचून पदरात सरासरी पडतात ते काही सेंटिमीटर. लग्नाच्या जाहिरातींत उंची छापणाऱ्या आपल्या समाजाला तेवढ्यासाठी पोराला सुया टोचाव्याशा वाटतात, याची मला चीड येते.

ज्याला खरोखर गरज आहे त्याची काळजी मात्र सरळ आहे. आधी उंचीचा आलेख, मनगटाचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या. मात्रा तज्ज्ञाने ठरवायची, आणि रक्त पुनःपुन्हा तपासायचे. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात गोठले तर फेकून द्यावे. सुई दर वेळी नवी, जागा दर वेळी निराळी. एखादा दिवस चुकला म्हणून दुप्पट टोचू नये. डोके फार दुखून ओकाऱ्या झाल्या, अंधुक दिसू लागले, किंवा मूल लंगडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि ज्यांच्या मनात नुसती शंका आहे त्यांनी या दिवाळीत मुलाला चौकटीशी उभे करून पेन्सिलीने खूण करावी, तारीख घालावी. चार वर्षांपुढचे, अद्याप वयात न आलेले मूल पुढल्या दिवाळीपर्यंत पाच सेंटिमीटरही वाढले नाही, तर ते आकडे घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जावे.