आधी माणसे काढली, मग प्रोग्रॅम

इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतले आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुमारे साडेसात हजारांपैकी निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसवले. १४ तारखेला त्यांनी जाहीर केले, की ‘मायक्रोसर्व्हिसेस’, म्हणजे एकमेकांना निरोप देत चालणारे छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम, त्यातले २० टक्केही गरजेचे नाहीत. बाकीचे बंद करू. त्याच दिवशी लॉगिनचा एसएमएस कोड येत नसल्याच्या तक्रारी आल्या. हा पसारा आवरावा, असे अनेक अभियंत्यांनाही वाटते. आणि ट्विटर काही कोसळले नाही. पण कोणता प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे, हे पुष्कळदा कागदावर नसते, तो सांभाळणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यालाच आधी काढले, तर एकेक भाग बंद करून पाहण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि तो प्रयोग वापरकर्त्यांवर होतो.