आठवड्याचा नंबर लिहा, पण तारीखही लिहा

परवा गावातल्या कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. भिंतीवर एक तक्ता लावलाय. 'सोयाबीन पेरणी : आठवडा २५ ते २७'. शेजारचे काका वाचून म्हणाले, "म्हंजे २५ ते २७ जून. तीनच दिवस दिलेत की रे! तेवढ्यात ट्रॅक्टर कुठनं मिळायचा?"

चूक काकांची नाही. तक्ता लिहिणाऱ्याची आहे.

तो २५ म्हणजे हवामान आठवडा. हवामान खातं आणि कृषी विद्यापीठं वर्षाचे ५२ आठवडे धरतात. १ ते ७ जानेवारी हा पहिला, मग वार कुठलाही असो. ५२ गुणिले ७ म्हणजे ३६४, म्हणून शेवटचा आठवडा २४ ते ३१ डिसेंबर असा आठ दिवसांचा. लीप वर्षात नववा आठवडाही आठ दिवसांचा. या हिशेबाने २५ ते २७ म्हणजे १८ जून ते ८ जुलै. तीन दिवस नाही, तीन आठवडे!

पद्धत चांगलीच आहे. तारखा दरवर्षी त्याच, त्यामुळे यंदाच्या २५ व्या आठवड्यातला पाऊस मागच्या तीस वर्षांतल्या त्याच आठवड्याशी ताडून बघता येतो. आपल्या आजोबांचं मृग, आर्द्रा, पुनर्वसू तरी दुसरं काय होतं? सूर्याच्या हिशेबाने वर्षाचे २७ भाग, एकेक साधारण साडेतेरा दिवसांचा. फरक एवढाच की मृग म्हटलं की अख्ख्या गावाला कळतं. २५ म्हटलं की कोणालाच नाही.

बरं, मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये बघावं तर तिथे वेगळाच घोळ. आयएसओ पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. अमेरिकी पद्धतीत रविवारी सुरू, आणि १ जानेवारी ज्यात येतो तो पहिला. २०२७ चा २५ वा आठवडा घ्या. अमेरिकी हिशेबाने तो १३ जूनला सुरू होतो, हवामानाच्या हिशेबाने १८ ला, आयएसओप्रमाणे २१ ला. नंबर एकच, फरक आठ दिवसांचा!

कोणी म्हणेल, पेरणी काय तक्ता बघून करतात का? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करायची. मान्य. पण पाऊस लांबला तर अजून किती थांबता येईल, हे तो तक्ताच सांगतो ना? मुदत तीनच दिवसांची वाटली की माणूस घाईने अर्धवट ओलीवर पेरतो. मग दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात?

माझं म्हणणं साधं आहे. नंबर काढू नका, अभ्यासाला तो लागतो. पण शेतकऱ्यासाठीच्या प्रत्येक तक्त्यावर, प्रत्येक मेसेजमध्ये नंबरापुढे तारीख हवीच. अर्ध्या ओळीचं काम आहे.

तोवर हे जपून ठेवा :
२३ – ४ ते १० जून
२४ – ११ ते १७ जून
२५ – १८ ते २४ जून
२६ – २५ जून ते १ जुलै
२७ – २ ते ८ जुलै

मी दुकानदाराला विचारून त्या तक्त्यावर पेनाने तारखा लिहून आलोय. तुमच्या गावातही असा तक्ता असेल, तर पेन घेऊन जा.