दहा पैशांचं तिकीट

कवठे महांकाळच्या जत्रेत लहानपणी मी दहा पैसे मोजून दाढीवाली बाई बघितली. आम्ही फिदीफिदी हसलो. ती मांडीवरचं पोर थोपटत होती.

'तिचं पोट तरी भरतंय की,' असं लोक म्हणायचे. मग भांगलायला का नाही बोलावलं तिला? खुरप्याला काय दाढी आडवी येते? आणि पोट कुणाचं भरतं, तेही बघा. मेक्सिकोच्या जुलिया पास्त्रानालाही दाढी होती. १८६० साली मॉस्कोत बाळंत झाली. आधी बाळ गेलं, पाठोपाठ ती. तिचे खेळ लावणाऱ्या नवऱ्यानं दोघांच्या प्रेतांना मसाला भरून देशोदेशी तिकीट लावलं. तिला माती मिळाली २०१३ ला!

आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या, तोंडभर केस असलेल्या बहिणींची बातमी आली, तेव्हा पारावर तोच जुना हशा. पेपर माझ्याच हातात होता. घडी घातली, पण बोललो काहीच नाही.