शिवणीतली माया

गेल्या दिवाळीला मी एक सदरा शिवून घेतला. 'शिवून घेतला' म्हणणे तितकेसे खरे नाही. संगणकाच्या पडद्यावर तो मीच रचला. कापड, कॉलरचा आकार, बटणांचा रंग, खिशावर नावाची आद्याक्षरे, सारे मनाजोगे. मापेही घरी मीच घेतली. पंधरा दिवसांनी सदरा आला. दिसायला देखणा, पण हात वाकवला की बाही मनगटावरून वर सरके आणि छातीवर बटणे ताणत. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "मापे आपणच दिली होती. मागणीनुसार बनवलेला माल परत घेतला जात नाही."

उत्तर त्यांच्या नियमाला धरून होते, तरी मला ते अन्यायाचे वाटले. का वाटले, याचा विचार करताना आमच्या गल्लीतले शिंपीमामा आठवले. माप घेताना ते कोपर किंचित वाकवायला सांगत, कारण सरळ हाताला पुरणारी बाही वाकलेल्या हाताला अपुरी पडते. माझा उजवा खांदा उतरता आहे, हे मला प्रथम त्यांच्याकडूनच कळले. सुती कापड नेले की पहिला प्रश्न, "भिजवून आणलंय का?" मोठ्या कॉलरचा हट्ट धरला, तर "तुमच्या मानेला शोभायची नाही," असे तोंडावर सांगत. अंग माझे, पसंती माझी. पण जाण त्यांची होती.

प्रत्येकाला हवी तशी वस्तू कारखान्यातून करून देण्याची कल्पना काही आजची नाही. लीव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९९४ साली अमेरिकेत स्त्रियांच्या जीन्ससाठी असा प्रयोग केला. दुकानात माप घेऊन ते संगणकामार्फत कारखान्याकडे धाडले जाई. माप घ्यायला तेथे निदान माणूस होता. नायकेने १९९९ साली बुटांचे रंग संकेतस्थळावरच निवडण्याची सोय केली. तेथे गिऱ्हाईक आणि पडदा दोघेच उरले. पडदा कधी 'नको' म्हणत नाही. निवडीचे स्वातंत्र्य आपल्याला मिळाले, पण त्यासोबत चुकीची जबाबदारीही हळूच आपल्या पदरात पडली.

म्हणून नवे सारे टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीने परदेशातून येवल्याला पैठणी सांगितली. विणकराने मोबाइलवर रंगांची छायाचित्रे पाठवली. तिने एक रंग पसंत केला, तेव्हा त्याने थांबवले. "ताई, ही धूपछाव आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. फोटोत एकच रंग दिसतो. घरच्या कुणाला तरी पाठवा, उन्हात धरून बघू दे." तिची आई येवल्याला गेली आणि रंग बदलला. साधन तेच, मोबाइलचे. पण पलीकडे जाणता माणूस होता आणि त्याला बोलण्याची मुभा होती.

माझी मागणी एवढीच आहे. जो 'तुमच्या मनासारखे' म्हणून जादा पैसे घेतो, त्याने कापडाला कात्री लागण्यापूर्वी एकदा कारागिराशी बोलू द्यावे आणि मापात चूक निघाली तर एक दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी. गिऱ्हाइकाने निवड करावी, हे रास्तच. पण त्याने शिंप्याची विद्याही घरी शिकावी, ही अपेक्षा कुठली?

तो सदरा अखेर मी कोपऱ्यावरच्या एका तरुण शिंप्याकडे नेला. अंग भरले, माप चुकले, तर उसवून सैल करता यावे म्हणून शिवणीच्या आत थोडे जादा कापड सोडतात. आपल्या भाषेत त्याला माया म्हणतात. त्याने सदरा उलटा केला, बाजूची शिवण बोटांनी चाचपली आणि परत माझ्या हाती दिला.

"काका, यात माया ठेवलेलीच नाही."