सांगवीकर आणि गैरहजर विद्यार्थी

‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पदवीविना गावी परततो, तेव्हा आपली समीक्षा त्यात अस्तित्ववादी बंड पाहते. त्याच्या पाठीशी निदान बापाचा पैसा होता. आजचा विद्यार्थी पोटासाठी वर्ग सोडतो, तेव्हा मात्र तो ध्येयशून्य! हा दुटप्पीपणा आम्हांस मान्य नाही. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, पण एम.ए., नेट-सेट झालेले कित्येक जण आजही तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. हे उघड्या डोळ्यांनी पाहून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसलेला तरुण साहित्यद्रोही कसा ठरतो? तो हिशेब करतो आहे. स्वप्नांचा उपदेश करणाऱ्यांनी आधी त्या हिशेबातली चूक दाखवावी.